यांचा सा कुठाय?

फेब्रुवारी संपत आला होता. बाबांना घेऊन मी नरिमन पॉइंटला, एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात जाऊन बसले होते. डोंबिवलीहून स्लो लोकल, कारण त्यांना बसायला जागा हवी, सीएसएमटीहून टॅक्सी. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने एवढा प्रवास कशासाठी करायचा, हे मी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. "बीथोवनची पाचवी सिम्फनी आहे, येता का?" म्हटल्यावर "चल" म्हणाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाच्या मशीनमध्ये नवा सेल, खिशात जास्तीचा एक सेल कागदात गुंडाळून. रंगमंचावर साठसत्तर माणसं आपापलं काहीतरी वाजवत होती. कुणी एक अवघड जागा पुन्हापुन्हा घोटत होतं, कुणी नुसतेच लांब सूर धरत होतं. बाबा पुढे झुकून बघत होते. मागच्या रांगेत टिंपनीवाला त्याच्या तांब्याच्या भांड्यावर ओणवा झाला, कातड्यापाशी कान नेला आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. "तबला लावतोय," बाबा म्हणाले. त्यांना ते ओळखीचं वाटलं होतं.

मग पहिल्या व्हायोलिनवाल्या बाई उभ्या राहिल्या आणि एकदम शांतता झाली. मधल्या रांगेतून ओबो या फुंकीच्या वाद्याचा सूर आला. लांब, सरळ, जरासा नाकातला, शेवटपर्यंत न हलणारा. बाबांनी डोळे मिटले. "पांढरी सहा," ते पुटपुटले, म्हणजे हार्मोनियमवरची सहावी पांढरी पट्टी. इतक्या वर्षांनी, मशीन लावलेल्या कानांनीही त्यांची पट्टी चुकत नाही. त्या एका सुराला आधी फुंकीच्या वाद्यांनी आपले सूर लावले, मग चेलो आणि डबल बास आले, मग व्हायोलिनं, आणि सगळं सभागृह एका सुराने भरून गेलं. बाबांचा चेहरा मोकळा झाला. मैफलीआधी तंबोरे जुळले की त्यांचा असा चेहरा व्हायचा. त्या क्षणी त्यांनी मनात काय धरलं असेल ते मला फार उशिरा कळलं. सगळ्यांनी मिळून सा, म्हणजे बाकीचे सूर ज्याच्यावरून मोजायचे तो आधाराचा सूर, लावला, आता यावर गाणं उभं राहील, असंच त्यांनी धरलं होतं.

सिम्फनी सुरू झाली. ते चार सूर, जे जगात कुणीही ओळखतं. बाबांनी गुडघ्यावर बोट टेकलं आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "ग ग ग सा." पुढच्या चार सुरांना "रे रे रे नि." बोट गुडघ्यावर चालत राहिलं. दोन मिनिटांनी ते थांबलं. मग पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. शेवटी ते माझ्याकडे कलले. त्यांना वाटतं आपण कुजबुजतोय, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबूज मोठी असते.

"यांचा सा कुठाय गं?"

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान वळवली. मी घाईघाईने म्हटलं, "तसं नसतं बाबा यांच्यात." त्यांनी मान डोलावली, बोट गुडघ्यावरून उचललं आणि दोन्ही हात मांडीवर जुळवून ठेवले. उरलेला अर्धा तास ते तसेच बसले होते, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे.

तसं नसतं. ते दोन शब्द त्या रात्री लोकलमध्ये माझ्याबरोबर आले, दुसऱ्या दिवशी ऑफिसातही आले. त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा आहे असं मी त्यांना सांगितलं होतं. आणि मला उत्तर माहीत असतं तर तेवढं टोचलं नसतं.

बाबांनी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यामागे तंबोरा धरला. ते गवई नव्हते. गावातल्या संगीत मंडळात कुणी गायला आलं की तंबोरे लावायला त्यांना बोलावत. आमच्या घरी मिरजेचा एक मोठा तंबोरा होता, अजून आहे, काळी एकला लावलेला. रविवारी सकाळी त्यांनी गवसणी काढली की आम्ही पोरं आवाज न करता इकडेतिकडे वावरायचो. आधी पंचमाची तार, मग जोडीच्या दोन, मग खर्ज. खुंटी अर्ध्या केसाने फिरवायची, मणी किंचित सरकवायचा, जवारीखालचा दोरा नखाने मागेपुढे करायचा. कधीकधी अर्धा तास नुसतं हेच. मला तेव्हा वाटायचं, गाणं कधी सुरू होणार? आणि बाबांच्या दृष्टीने गाणं केव्हाच सुरू झालेलं असायचं. चार तारा अशा काही मिळायच्या की त्यांतून पाचवा सूर, एक गंधार, म्हणजे ग, आपोआप वर यायचा. कुणी न छेडलेला. "आला बघ," ते म्हणायचे आणि एवढ्यावर त्यांचं समाधान होऊन जायचं.

हार्मोनियमही होती. त्यावर त्यांनी मला आठनऊ वर्षांची असताना एक गंमत दाखवली होती. भूप वाजवायला लावला. सा रे ग प ध. मग माझं बोट गंधारावर ठेवलं आणि म्हणाले, "आता हाच सा समज. बाकी काही बदलायचं नाही, त्याच पट्ट्या." मी वाजवलं आणि तो मालकंस होता. तेच पाच सूर, त्याच पाच पट्ट्या. एक खोलीभर प्रकाश होता, तो कुणीतरी दुसऱ्या खिडकीतून आत सोडल्यासारखं झालं. पंचमाला सा म्हटलं की दुर्गा. मी कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला हा प्रकार करून दाखवत होते. याला मूर्च्छना म्हणतात हे त्यांनी सांगितलं होतं, पण शब्द माझ्या डोक्यातून पार निघून गेला. उरलं ते माझ्या बोटाखाली एक सूर दुसराच होऊन गेल्याचं आश्चर्य.

सिम्फनीकडे मी गेले ती मात्र त्यांच्या वाटेने नाही. नोकरीला लागल्यावर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून मोत्झार्टच्या ४०व्या सिम्फनीची कॅसेट घेतली, कारण सलील चौधरींनी तिच्या सुरुवातीवरून एक गाणं बांधलं आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. ती ऐकताना मला रडू फुटलं आणि का फुटलं ते कळेना, म्हणून मी वाचायला लागले. मोत्झार्टने त्याच्या शेवटच्या तीन सिम्फन्या १७८८ च्या एका उन्हाळ्यात लिहिल्या. बीथोवन १७७० साली बॉनमध्ये जन्मला, व्हिएन्नात १८२७ मध्ये गेला. ओबो आणि बसूनला वेताची दुहेरी पत्ती, क्लॅरिनेटला एकेरी. व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि पाच सूर खाली लागणारा. मी हे सगळं पाठ केलं. एखाद्या घरात न जाता त्या घरातल्या माणसांची नावं पाठ करावीत तसं. कुठलं वाद्य वाजतंय हे ओळखता आलं की मला वाटायचं, आपल्याला संगीत कळलं. बाबांना त्या संध्याकाळी मी हेच सांगत होते: ते बघा फ्रेंच हॉर्न, ते बघा बसून. ते बघत होते, आणि ऐकत दुसरंच काहीतरी होते.

त्यांच्याजवळ ऐकण्यासारखं बरंच होतं, हे आता आठवून बघताना जाणवतं. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, एवढी व्हायोलिनं, आणि सगळ्यांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली कसे जातात? मी म्हटलं, आधी ठरवतात, कागदावर खुणा करतात. ते म्हणाले, व्हायोलिनवाल्या दातारांचा गज बघितलाय मी, श्वास घेतल्यासारखा वळायचा. इथे एवढी माणसं एक श्वास घेतात. यात त्यांना काही कमी दिसलं नव्हतं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, का नाही असंही त्यांनी विचारलं नाही. पहिल्या भागात एका ठिकाणी सगळा ऑर्केस्ट्रा थबकतो आणि एकटा ओबो एक छोटीशी, तालाबाहेरची, सावकाश ओळ वाजवून जातो. पुन्हा सगळे त्याच्यावर धावून येतात. त्या क्षणी बाबांनी मान वर केली होती. "एवढ्या गर्दीत आलाप करून गेला," ते नंतर म्हणाले. अभ्यासक त्या एका बारबद्दल, म्हणजे तालाच्या त्या एका छोट्या तुकड्याबद्दल, खूप लिहितात. मी तो शंभर वेळा ऐकला असेन, पण तो आलाप आहे हे मला सुचलं नव्हतं.

ओबो सनईच्या नात्यातला आहे हे खरं तर त्यांना सांगायला हवं होतं. तशीच दुहेरी पत्ती, तशीच आतून निमुळती नळी. ओबो वाजवणारे बहुतेक जण स्वतःच्या पत्त्या स्वतः करतात. वेताचा पातळ तुकडा दुमडायचा, दोऱ्याने बांधायचा आणि चाकूने कणाकणाने खरवडायचा. एक पत्ती थोडेच दिवस टिकते. सूर लावायला ओबो का, तर त्याचा आवाज गर्दीतून सरळ बाहेर येतो आणि त्याचा सूर सहज हलत नाही. आणि पांढरी सहाच का, तर व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास या चौघांनाही त्या सुराची मोकळी तार आहे. सगळ्यांच्या घरात असलेला एक सूर, म्हणून तो. तो सा असण्याचा काही संबंध नाही. उलट पाचवी सिम्फनी ज्या पट्टीत आहे तिथे हा सूर शुद्ध धैवत होतो, आणि त्या पट्टीतला धैवत कोमल आहे. म्हणजे ज्या सुराला सगळ्यांनी मिळून माना झुकवल्या, त्याला गाणं सुरू झाल्यावर जागाच उरत नाही. बाबा तो सूर उराशी धरून बसले होते आणि वाट बघत होते.

हे मी त्यानंतरच्या आठवड्यात शोधून काढलं. सिम्फनीची स्वरलिपी इंटरनेटवर कुणालाही मिळते. मी ती उतरवून घेतली आणि रात्री जेवणानंतर हार्मोनियमची पट्टी आणि ते टिंबांचे कागद समोरासमोर ठेवून बसायला लागले.

पहिलीच गोष्ट अशी दिसली की सिम्फनी शांततेने सुरू होते. पहिल्या बारची पहिली जागा रिकामी आहे. कंडक्टरचा हात समेवर खाली येतो तेव्हा काहीच वाजत नाही, आणि ते तीन सूर त्या रिकाम्या समेनंतर येतात. दुसरी गोष्ट, ती सुरुवात आपल्याला सगळ्या ऑर्केस्ट्राची वाटते, पण तिथे फक्त तारांची वाद्यं आणि दोन क्लॅरिनेट आहेत. आणि तिसरी गोष्ट वाचून मी तशीच बसून राहिले. सिम्फनी सी मायनरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी एक. त्या हिशेबाने ते सूर होतात प प प आणि कोमल ग. पुढचे म म म रे. सुरुवातीच्या या आठ सुरांत सा नाहीच. आणि खाली आधार द्यायला दुसरा सूरही नाही, सगळे एकच ओळ वाजवतात. मग पहिल्यांदा ऐकणारा कान काय करणार? तो चौथ्या, लांब धरलेल्या सुरावर बसतो आणि त्यालाच सा म्हणतो. काळी दोन. ग ग ग सा. पुढे आधाराचे सूर आले की ते घर त्याच्या पायाखालून सरकतं.

बाबांनी बरोबर हेच म्हटलं होतं. गुडघ्यावरचं ते बोट अगदी योग्य जागी होतं आणि अगदी योग्य जागी थांबलं होतं. बीथोवनने तो संभ्रम मुद्दाम ठेवला आहे, संगीताचे अभ्यासक त्यावर पानंच्या पानं लिहितात. आणि ज्या माणसाने आयुष्यात एकही सिम्फनी ऐकली नव्हती त्याला तो पहिल्या काही क्षणांत जाणवला, कारण तो इतर काही शोधतच नव्हता. मी वाद्यं मोजत होते. ते सा शोधत होते.

मी त्यांना म्हटलं होतं, तसं नसतं.

पुढे वाचत गेले तसं कळत गेलं की सगळी सिम्फनीच त्या प्रश्नावर उभी आहे. आपल्याकडे सा तंबोऱ्यात असतो. तो कुठे जात नाही, गाणाराच कुठे कुठे जाऊन परत येतो. इथे सा निघून जातो. पहिल्या भागात तो काळी दोनवर जाऊन राहतो, खरोखरच, दुसरी चाल येते तेव्हा; म्हणजे बाबांनी जिथे तो मानला होता तिथेच. दुसऱ्या संथ भागात तो काळी चारवर असतो. ऐकणाऱ्याने आधीचा सा मनात धरून ठेवायचा, नवा मानायचा, आणि तरी जुन्याची ओढ विसरायची नाही. हा तंबोरा ज्याने त्याने आपल्या डोक्यात घेऊन बसायचं. माझ्या डोक्यात तो कधीच नव्हता. मला वादळ ऐकू यायचं, नियती दार ठोठावते वगैरे गोष्टी मी लोकांना सांगायचे, पण घरापासून किती लांब आलोय हे मला कधीच समजत नव्हतं.

गोव्याच्या वादकांना हे दोन्ही प्रकारचे सा एकाच वेळी माहीत होते, असं मला आता वाटतं. चर्चच्या पॅरिश शाळांत लहानपणी सोल्फा, म्हणजे त्यांचं सारेगम, आणि व्हायोलिन शिकलेली ही माणसं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विसांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद जमवून रागांवर रचलेलं संगीत सादर केलं. बाबा ज्या जुन्या गाण्यांतल्या व्हायोलिनांवर जीव टाकतात, ती अशाच हातांनी वाजवलेली. म्हणजे ऑर्केस्ट्रा त्यांच्या कानांना अगदीच परका नव्हता. फक्त तो गायकाच्या सा भोवती बसलेला असायचा.

आणि टिंपनी. कागदावर ट्रम्पेटच्या खाली टिंपनीची ओळ होती आणि तिच्या सुरुवातीला दोनच सुरांची नावं. सी आणि जी. पांढरी एक आणि पांढरी पाच. बीथोवनच्या काळात टिंपनीचा सूर बदलायला खिळे पिळत बसावं लागे, म्हणून या सिम्फनीभर ती दोन भांडी दोनच सुरांना लावलेली राहतात. सा आणि प. बाकी सगळे पट्टी बदलून कुठल्या कुठे जातात, मागच्या रांगेत ही दोन तांब्याची भांडी सा आणि पंचम धरून उभी असतात. संथ भागात सा काळी चारवर गेलेला असतो तेव्हा ती बहुतेक गप्प राहतात, आणि मध्येच ट्रम्पेट पांढरी एकवर उसळतात तेव्हा बरोबर वाजतात. बाबांनी सुरुवातीला त्या माणसाला कातड्यावर कान टेकवून सूर लावताना बघितलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा सा त्यांच्या नजरेसमोरच होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप आणि एक बऱ्यापैकी स्पीकर घेऊन बाबांकडे गेले. त्या संध्याकाळचं काही बोलले नाही. हार्मोनियमवरचं कापड काढलं आणि त्यांना म्हटलं, ते चार सूर वाजवा. त्यांनी भाता मारला. पांढरी पाच, तीनदा, काळी दोन. "ग ग ग सा," ते म्हणाले. मी माझ्या बोटाने खालची पांढरी एक दाबून धरली आणि म्हटलं, पुन्हा. त्यांनी वाजवलं. काळी दोनवर त्यांचं बोट थांबलं आणि भाताही थांबला. काही न बोलता त्यांनी परत वाजवलं. कोमल गंधार. "बरोबर होतं बाबा तुमचं," मी म्हटलं. "त्यानेच तसं ठेवलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच मला सांगायचं होतं, पण आवाज नीट निघाला नाही.

मग मी तिसऱ्या भागाचा शेवट लावला. तिथून चौथ्या भागात जाताना सिम्फनी थांबत नाही. जवळजवळ ५० बार सगळं विझल्यासारखं असतं. तारांनी खाली एक सूर धरलेला, अगदी हळू, आणि टिंपनीचे ठोके. फक्त एकाच सुरावर, पांढरी एकवर. मऊ टोकाच्या काठीचे, लांब कुणी चालत असावं तसे. स्पीकर टेबलावर होता. बाबांनी कानाचं मशीन काढून ठेवलं.

मशीनचं मला आधी माहीत नव्हतं. ते त्या दिवशी बोलले. माणसांचं बोलणं त्यातून स्वच्छ येतं, पण लांब धरलेला सूर आला की ते त्याला शिट्टी समजतं आणि दाबायला बघतं. तंबोरा त्यातून थरथरतो. जोडीच्या दोन तारा जुळल्या की नाही ते कळत नाही. म्हणून दोन वर्षं तंबोरा गवसणीत होता. मला वाटत होतं, हात दुखतात म्हणून. बीथोवनने १८०२ साली हाइलिगेनश्टाटमधून भावांना लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं पत्र मी किती वेळा वाचलं होतं. शेजारच्या माणसाला दुरून बासरी ऐकू येते आणि मला काहीच येत नाही, असं त्यात आहे. ते वाचून मला भरून यायचं. आणि इथे माझ्या वडिलांच्या घरात तंबोरा बंद झाला होता आणि मी कारण विचारलं नव्हतं.

त्यांनी स्पीकरवर पालथा हात ठेवला. उंच सूर त्यांचे गेलेत, पण खालचे अजून शाबूत आहेत. ठोके त्यांच्या तळहातात येत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हा सा नाही. हा ग आहे. सा त्याच्या खाली आहे."

मी कागद बघितला. खाली चेलो आणि डबल बासनी काळी चार धरली होती. काळी चारला सा म्हटलं की पांढरी एक शुद्ध गंधार होते. मी घरून तयारी करून आले होते की इथे तुमचा सा आहे, ऐका. आणि त्यांनी मला त्याच्या पुढचं सांगितलं.

मी काही बोलले नाही. ठोके चालूच होते. व्हायोलिनं वर चढायला लागली, एकेक पायरी चाचपडत. खालचा सूर हळूच पांढरी पाचवर उतरला. बाबांच्या कपाळाला आठी पडली. टिंपनीचा सूर तोच होता, जराही न बदललेला, पण आता तो कुठे बसतोय ते कळेना. ना ग, ना अजून सा. आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि चौथा भाग फुटला. तीन भाग नुसते बसून राहिलेले ट्रॉम्बोन तिथे पहिल्यांदा वाजतात, पिकोलो आणि काँट्राबसूनही तिथेच येतात. सा ग प, सगळ्यांनी एकदम, शुद्ध गंधाराने. पांढरी एक, सा.

बाबांचा हात स्पीकरवरून उडाला आणि परत टेकला. "अगं, तोच सूर," ते मोठ्याने म्हणाले. "त्याने सूर हलवलाच नाही. ग चा सा केला."

आणि मग तो शब्द, जो मी विसरले होते. "मूर्च्छना," ते म्हणाले. "भूपाचा मालकंस केला होतास ना तू, त्यातलीच."

तसं शास्त्राने पाहिलं तर ही मूर्च्छना नव्हे, इथे आसपासचे सूरही बदलतात. त्यांनाही ते ठाऊक होतं. पण एक सूर जागचा न हलता दुसरा होतो, हे त्यांनी एका तळहातावर ओळखलं होतं. ते आम्ही चार वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला ठोके मोजू दिले नाहीत, चौथ्या वेळी डोळे मिटले. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नाच्या थंडगार थिएटरात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा कार्यक्रम चार तास चालला होता आणि वादकांची तालीमही धड झालेली नव्हती, असं मी त्यांना सांगितलं. "तरी लोक बसले असतील," ते म्हणाले. अखेरीला शेवटच्या २९ बारांत ऑर्केस्ट्रा सी मेजरचा एकच मेळ पुन्हापुन्हा वाजवतो. लोकांना ते फार वाटतं, मलाही वाटायचं. बाबांना वाटलं नाही. इतकं लांब जाऊन आलेल्याने एवढं म्हणायलाच हवं, असं त्यांचं मत पडलं.

चहा झाल्यावर त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. मी तंबोरा आणून गवसणी काढली. आत ओळखीचा वास होता, जुन्या लाकडाचा आणि कापराचा. "काळी एकला आहे," ते म्हणाले, "अर्धा सूर उतरव. पांढरी एकला लाव." मी कधी तंबोरा लावला नव्हता. त्यांनी तो माझ्या मांडीवर नीट टेकवला, स्वतः शेजारी बसले, मशीन टेबलावरच राहू दिलं आणि भोपळ्याला कान लावला. मी पंचमाची खुंटी फिरवली, मग जोडीची पहिली. तार सैल होत होत खाली आली आणि पुढेच गेली. "फार उतरली," ते डोळे मिटूनच म्हणाले. मी खुंटी उलटी फिरवली. दुसऱ्या तारेशी तिची लाट सुरू झाली, आधी जलद, मग सावकाश.

"अजून," बाबा म्हणाले. "अजून थोडी. केसभर."